खाचा पाडणारं यंत्र आणि सॅम्युअल बेंथम

फर्स्ट इयरचं कारपेंट्री शॉप आठवतंय? खाकी ड्रेस, हातात पटाशी आणि समोर सागाचा तो हट्टी तुकडा. टेनन-मॉर्टाइज जॉइंट करायचा म्हणून आपण दोन-दोन तास खाच कोरत बसायचो. एवढं करून जॉइंट जुळवला की त्यात एक तर फट दिसायची, नाही तर टेनन आतच जायचा नाही. मग भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट बुजवायची आणि सरांची नजर दुसरीकडे असताना जॉब टेबलावर ठेवून पळायचं! सरांना ते कळत नव्हतं असं मात्र समजू नका.

तीच खाच फायनल इयरला पुन्हा आमच्या वाटेला आली. आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला तो लाकडात खाचा पाडणाऱ्या अनेक पात्यांच्या यंत्राचा. निमित्त झालं कॉलेजच्या गेटबाहेरच्या सुतारमामांचं. शोकेसला सरकत्या काचा बसवायच्या तर खालच्या आणि वरच्या फळीत दोन-दोन समांतर खाचा लागतात. चारही सरळ हव्यात आणि त्यांतलं अंतर सगळीकडे सारखं हवं, नाही तर काच अडकते. मामा आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा मिळून एका शोकेसच्या खाचांत अर्धा दिवस घालवायचे. आम्ही ठरवलं, एकाच स्पिंडलवर चार पाती बसवायची. दोन जवळ, मध्ये स्पेसर, पुन्हा दोन जवळ. फळी एकदा ढकलली की दोन्ही खाचा तयार!

सिनॉप्सिस लिहिताना लिटरेचर सर्व्हे नावाचं प्रकरण आलं. आम्हाला वाटत होतं की आयडिया आपलीच. गाईड सर हसले आणि लायब्ररीत जाऊन सॅम्युअल बेंथम शोधा म्हणाले. शोधलं आणि गार झालो. फिरत्या पात्यांनी लाकूड कापायच्या यंत्रांचं पेटंट या गृहस्थाने १७९३ सालीच घेऊन ठेवलं होतं, आणि ही यंत्रं त्याने बनवली होती भावाच्या राहत्या घरी! त्या माणसाची ही गोष्ट.

सॅम्युअलचा जन्म ११ जानेवारी १७५७ चा, इंग्लंडमधला. वडील वकील, घरची परिस्थिती उत्तम. थोरला भाऊ जेरेमी बेंथम म्हणजे पुढे जगभर गाजलेला तत्त्वज्ञ. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हे ज्याच्या विचाराचं सार म्हणून सांगितलं जातं, तोच हा. जेरेमी पुस्तकातला किडा, तर सॅम्युअलचे हात सतत कशात तरी अडकलेले. अशा घरातला मुलगा खरं तर कॉलेजात जायचा, वकील किंवा पाद्री व्हायचा. याने वयाच्या चौदाव्या वर्षी वूलिचच्या सरकारी गोदीत जहाज बांधणाऱ्या मुख्य कारागिराकडे उमेदवारी पत्करली. एक-दोन नव्हे, सात वर्षांची! करवत, रंधा, कुऱ्हाड सगळं हाताने चालवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या घरच्या मुलाने डिग्रीची सीट सोडून आय.टी.आय.ला ॲडमिशन घेतल्यासारखं. पण पुढे त्याने जे केलं त्याचा पाया या सात वर्षांतच पडला. लाकूड कुठे फाटतं, रेषा उलटी आली की रंधा कसा उड्या मारतो, हे त्याला ऐकून माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं.

उमेदवारी संपली, पण इंग्लंडच्या आरमारात नव्या कल्पनांना कुणी विचारीना. १७८० मध्ये स्वारी रशियाला गेली. तिथे उरल पर्वतातल्या खाणी आणि कारखाने पाहत, सायबेरिया ओलांडत तो थेट चीनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आला. १७८४ च्या सुमारास राणी कॅथरीनचा उजवा हात असलेल्या प्रिन्स पोटेमकिनने त्याला आपल्या क्रिचेव्ह इथल्या जहागिरीवर नेमलं. हे गाव आज बेलारूस देशात आहे. तिथे सॅम्युअलने कारखाने चालवले, जहाजं बांधली. वळणावळणाच्या नदीतून लांब जहाज नेता येत नाही म्हणून त्याने छोटे छोटे भाग बिजागरीने जोडून अळीसारखं वळणारं जहाज तयार केलं. आगगाडीच्या डब्यांची कल्पना पाण्यावर, तीही आगगाडी जन्माला यायच्या आधी!

क्रिचेव्हमध्ये त्याला एक अडचण होती. कारागीर थोडे, बाकी सगळी अडाणी शेतकरी मंडळी. कोण काम करतंय आणि कोण झोपा काढतंय हे बघायला माणसं कुठून आणायची? यावर त्याने एका गोल इमारतीचा आराखडा काढला. मधोमध देखरेख करणारा बसणार, भोवती काम करणारे. मधल्या माणसाला सगळे दिसणार, पण तो आपल्याकडे बघतोय की नाही हे कुणालाच कळणार नाही. १७८६ मध्ये जेरेमी भावाला भेटायला तिथे गेला आणि या कल्पनेने झपाटून गेला. त्याने तिचा तुरुंग केला आणि नाव दिलं पॅनॉप्टिकॉन. आपल्या होस्टेलच्या पॅसेजमधला सीसीटीव्ही कॅमेरा चालू असो वा बंद, आपण त्याच्याखालून जाताना जसे सभ्य होतो, तसंच काहीसं. त्या कॅमेऱ्याचा आजोबा म्हणजे सॅम्युअलची ही गोल इमारत.

१७८८ मध्ये तुर्कांशी लढाई पेटली. काळ्या समुद्राच्या तोंडाशी लहान होड्यांवर सॅम्युअलने मोठमोठ्या तोफा बसवल्या. तोफ उडाली की मागे सरकते आणि होडी हादरते, हा नेहमीचा त्रास. त्याने तोफा अशा पक्क्या बसवल्या की त्या मागे येईनात. या तोफांनी तुर्की आरमाराची दाणादाण उडवली. सुताराची उमेदवारी केलेला हा माणूस रशियाचा सन्मान मिळवून आणि पुढे ब्रिगेडिअर जनरल म्हणवून घेत १७९१ मध्ये मायदेशी परतला.

आता आपल्या खाचांकडे येऊ.

परतल्यावर त्याच वर्षी त्याने लाकूड रंधण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यातला रंधा हातरंध्यासारखाच पुढे-मागे जाणारा, पण फळीच्या पूर्ण रुंदीचा आणि यंत्राने ओढला जाणारा. जाताना कापायचं, येताना पातं वर उचलायचं. कल्पना चांगली, पण येतानाचा स्ट्रोक फुकट. शेपरच्या क्विक रिटर्न मेकॅनिझमवर व्हायवात घाम गाळलेल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. शिवाय एवढं वजन एका टोकाला थांबवून पुन्हा उलटं पळवायचं म्हणजे ताकद वाया.

दोन वर्षांत, २३ एप्रिल १७९३ ला, त्याचं दुसरं पेटंट आलं आणि खरी क्रांती तिथे झाली. त्याने पातं फिरवलं. फिरत्या पात्याला परतीचा प्रवासच नसतो, ते सतत कापत राहतं. एका स्पिंडलवर हवी तेवढी पाती बसवता येतात. पात्याचा आकार बदला की खाच, गोलवा, नक्षीची कड, पाहिजे ते निघतं. त्या पेटंटमध्ये लाकडाच्या अनेक बाजू एकाच वेळी रंधणारी यंत्रं होती, गोल करवतींनी टेनन कापायची युक्ती होती, खाचा आणि खळगे पाडणारी यंत्रं होती, तिरकं कापणारी होती, भोकं पाडायची हत्यारं होती, एवढंच काय, करवतीला धार लावायचं यंत्रसुद्धा होतं! आज आपण मिलिंग मशीनवर गँग मिलिंग म्हणून जे शिकतो, त्याचा लाकडातला पूर्वज तुम्हाला इथे भेटतो.

यामागची त्याची विचार करायची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली. त्या काळी सुतार, कप्पी बनवणारा, चाक बनवणारा, पेट्या बनवणारा असे वेगवेगळे धंदे होते आणि प्रत्येकाची हत्यारं वेगळी. बेंथमने धंद्यांची नावं बाजूला ठेवली आणि फक्त क्रिया बघितली. रंधणं, कापणं, खाच पाडणं, भोक पाडणं. खाच ती खाच, मग ती दरवाजात असो की जहाजात. प्रत्येक क्रियेला एक यंत्र केलं की सगळे धंदे त्यात आले. आपण ज्याला प्रोसेस प्लॅनिंग म्हणतो ते हेच की!

ही यंत्रं बनली कुठे? वडील १७९२ मध्ये वारले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातलं क्वीन्स स्क्वेअर प्लेसचं घर जेरेमीकडे आलं. त्या घराच्या आवारातच दोघा भावांनी वर्कशॉप थाटलं. एकीकडे तत्त्वज्ञ लिहितोय आणि दुसरीकडे लाकडाचे ढलपे उडतायत, असं ते घर. बडे बडे लोक ही यंत्रं बघायला तिथे यायचे.

आणि एवढी यंत्रं केली कुणासाठी? उत्तर ऐकून आम्हीही चमकलो. कैद्यांसाठी! जेरेमीच्या पॅनॉप्टिकॉन तुरुंगात कैद्यांनी काम करून तुरुंगाचा खर्च भागवायचा होता. आता चोर आणि पाकीटमार काही सात वर्षांची उमेदवारी करून आलेले नसतात. तेव्हा कसब माणसाच्या हातात नसून यंत्रात असलं पाहिजे. अडाण्यातल्या अडाण्याने हँडल फिरवलं तरी खाच सरळ आली पाहिजे. गाईड, फेन्स, स्टॉप, ज्यांना आपण जिग-फिक्श्चर म्हणतो, त्यांची गरज इथून आली. १७९४ मध्ये पार्लमेंटने अशा तुरुंगासाठी कायदाही केला. पण जागेचे घोळ, सरकारी चालढकल यांत वर्षामागून वर्षं गेली आणि तो तुरुंग कधी उभाच राहिला नाही. अखेर १८१३ मध्ये जेरेमीला २३,००० पौंडांची भरपाई मिळाली. तुरुंग राहिला कागदावर, यंत्रं मात्र खरी झाली होती. त्यांना दुसरं घर मिळालं आरमाराच्या गोदीत.

१७९६ मध्ये सॅम्युअलला आरमाराच्या बांधकामांचा इन्स्पेक्टर जनरल नेमलं गेलं. त्याच वर्षी त्याचं मेरी सोफिया फोर्डाइस हिच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या कामाची खडान्‌खडा माहिती असलेली ही बाई. पुढे त्याचं चरित्र तिनेच लिहिलं, ते १८६२ मध्ये तिच्या मृत्यूनंतर छापून आलं.

गोदीत शिरल्यावर बेंथमला दिसला तो सगळा जुना कारभार. एक उदाहरण सांगतो. जहाजाच्या कामातून उरलेले तुकडे घरी न्यायचा कामगारांना हक्क होता. चुलीला सरपण म्हणून सुरू झालेली ही सवलत पुढे अशी बोकाळली की चांगलं लाकूड मुद्दाम कापून तुकडे केले जायचे! १८०१ मध्ये ही सवलत बंद करून त्याबदली पैसे द्यायला सुरुवात झाली. हे आणि असे बदल होत असताना बेंथमला शत्रूंची कमतरता नव्हती. वरचे अधिकारी नाराज, ठेकेदार नाराज, खालचे कामगारही नाराज.

तरी हा गडी थांबला नाही. १७९९ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत वाफेचं इंजिन आलं. त्यावर पंप चालायला लागले आणि लाकूडकामाची यंत्रंही. त्याच्या ऑफिसात माणसंही एकेक वल्ली. केमिस्ट होता जेम्स सॅडलर, ज्याने १७८४ मध्ये बलूनमधून आकाशात उड्डाण केलं होतं! बेंथमने जहाजाच्या पोटात पाणी न शिरणाऱ्या आडव्या भिंती घातल्या, म्हणजे एका कप्प्याला भोक पडलं तरी जहाज तरंगावं. चिनी जहाजांत ही रीत पूर्वीपासून होती. बंदरातला गाळ काढायला वाफेवरचं यंत्र आणलं. प्रत्येक वेळी विरोध, प्रत्येक वेळी पत्रव्यवहाराचे ढीग.

आता त्याच्या आयुष्यातला माझ्या मते सर्वांत मोठा प्रसंग. शिडाच्या जहाजाला दोर ओढायला लाकडी कप्प्या लागतात. एका मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या घरात! आरमाराला वर्षाला एक लाखाच्या आसपास कप्प्या लागायच्या आणि त्या हाताने बनायच्या. कप्पी म्हणजे काय? लाकडी ठोकळा, त्यात आरपार खाच, खाचेत फिरणारं चाक. म्हणजे पुन्हा खाचच! बेंथमची यंत्रं या कामासाठी तयार होत होती, इमारत उभी राहत होती. अशा वेळी मार्क ब्रुनेल नावाचा फ्रान्समधून आलेला इंजिनिअर आपली डिझाइन्स घेऊन त्याच्याकडे आला. आधी एका कप्पीवाल्या ठेकेदाराने त्याला परत पाठवलं होतं.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कॅम्पस इंटरव्ह्यूला दुसऱ्याचा प्रोजेक्ट आपल्यापेक्षा सरस निघाला तर आपला चेहरा कसा होतो ते आठवा. शिवाय इथे पद बेंथमच्या हातात, पेटंट बेंथमचं, इमारत बेंथमची. फाईल नुसती दाबून ठेवली असती तरी कुणी विचारलं नसतं. बेंथमने डिझाइन्स पाहिली. कप्प्यांच्या कामाला ती आपल्यापेक्षा चांगली आहेत हे त्याला कळलं, आणि त्याने १८०२ मध्ये स्वतःच्या यंत्रांऐवजी ब्रुनेलच्या यंत्रांची शिफारस केली. ती यंत्रं बनवली हेन्री मॉडस्ले याने, लेथच्या धड्यात ज्याचं नाव आपण वाचतो तोच. एकूण ४५ यंत्रं. प्रत्येक यंत्राला एकच क्रिया, आणि काम एकाकडून दुसऱ्याकडे ओळीने जाणार. १८०८ मध्ये तिथे १,३०,००० कप्प्या बनल्या. पूर्वी ११० कसबी कारागिरांना लागणारं काम आता १० बिनकसबी माणसं करू लागली. जगातल्या पहिल्या मास प्रॉडक्शन लाइन्समध्ये पोर्ट्समथचं नाव घेतलं जातं. ब्रुनेलचं नाव झालं, त्याचा मुलगा तर त्याहून मोठा इंजिनिअर निघाला. ज्याने दार उघडलं त्या बेंथमचं नाव मात्र मागे पडलं.

पुढचं फार सुखाचं नाही. १८०५ मध्ये त्याला जहाजं बांधायच्या कामावर रशियाला पाठवलं. १८०७ मध्ये परत येतो तर त्याचं स्वतंत्र ऑफिस मोडून नेव्ही बोर्डाच्या अखत्यारीत टाकायचं ठरलेलं. १८१२ मध्ये तेही पद गेलं आणि पेन्शनवर घरी बसावं लागलं. १८१४ मध्ये कुटुंब फ्रान्सला गेलं, माँपेलिएजवळ शेती घेतली. थोरला मुलगा तिथे गेला. १८२७ मध्ये लंडनला परतून हा माणूस आरमारात काय सुधारायला हवं यावर शेवटपर्यंत लिहीत राहिला. ३१ मे १८३१ ला, ७४ व्या वर्षी तो वारला. धाकटा मुलगा जॉर्ज मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. तुमच्या घरी कुणी बी.एस्सी. बॉटनी केलं असेल तर बेंथम-हूकर वर्गीकरण त्यांनी नक्की पाठ केलं असेल. त्यातला बेंथम तो हा. बापाने क्रियांचं वर्गीकरण केलं, मुलाने झाडांचं!

आता आमच्या यंत्राचं काय झालं ते सांगतो. भंगारातून आणलेली १ एच.पी. मोटर, १४४० आर.पी.एम. पुलीने दुप्पट करून २८८०. १५० मि.मी.ची चार पाती, ३० दातांची. पहिल्या ट्रायलला फळी आत घातली आणि बेल्ट किंचाळून घसरला. चारही पात्यांचे दात एका रेषेत बसवले होते, त्यामुळे चौघांचा घास एकदमच पडत होता. पाती थोडी थोडी फिरवून दात मागेपुढे केले आणि आवाज एकदम मऊ झाला. मिनिटाला ३ मीटर फीड धरला तर एका दाताच्या वाट्याला ०.०३५ मि.मी. लाकूड येतं, केसाच्या जाडीहून कमी! जोडीतल्या दोन पात्यांमध्ये १ मि.मी.चा वॉशर घातला, ६ मि.मी.ची स्वच्छ खाच पडली. गार्ड आणि ढकलकाठी केल्याशिवाय मात्र सरांनी स्विचला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. पात्याची कड सेकंदाला २२ मीटर वेगाने फिरते. बोट तिथे गेलं तर सॉरी म्हणायलाही वेळ मिळत नाही. कुणी हे करणार असाल तर हे वाक्य दोनदा वाचा.

यंत्र मामांना दाखवलं. त्यांनी दोन फळ्या काढून पाहिल्या, खाचेत नख फिरवलं, मान डोलावली. मग हाताखालच्या पोराकडे बघून ते गप्प झाले. अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत होणार असेल तर उरलेल्या वेळात या पोराला काय काम देऊ, असं त्यांनी आम्हाला विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. एफिशियन्सीचा चॅप्टर लिहिला होता, पण त्यात हा कॉलमच नव्हता.

बेंथमच्या वेळी ११० कारागिरांच्या जागी १० माणसं आली, तेव्हा उरलेल्या शंभरांचं काय झालं, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. आम्ही आमच्यापुरतं एवढंच केलं की यंत्र मामांना देताना ते चालवायला त्या पोरालाच शिकवलं. पाती कशी बसवायची, वॉशर कुठला घालायचा, दात मागेपुढे कसे करायचे, सगळं. तीन दिवसांत तो आमच्यापेक्षा चांगलं सेटिंग करायला लागला. आता आजूबाजूचे सुतारही खाचा पाडून घ्यायला फळ्या घेऊन येतात म्हणे.

व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं की यात नवीन काय आहे. आम्ही खरं ते सांगितलं की यंत्र १७९३ चं आहे आणि नवीन फक्त आम्ही आहोत. मार्क बरे मिळाले!

– एक होस्टेलवासी, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी